शेवटचं कडवं : एका चित्रपटातल्या लावणीचं प्रकरण

गोष्ट आणि गाणं

हे प्रकरण नागपुरात तयार झालेल्या एका मराठी कौटुंबिक चित्रपटाचं आहे. परवानग्या, करार आणि हिशेब माझ्याकडे होते, त्यामुळे जे झालं त्यातलं निम्मं धंतोलीतल्या आमच्या ऑफिसात माझ्या टेबलावरच झालं. दोन चुका सरळ माझ्या आहेत. त्या त्या ठिकाणी सांगतोच. चित्रपटाचं, गावाचं, घराण्याचं नाव देत नाही. घरच्या घरात मिटलेली गोष्ट आहे.

कथानक साधं. बाप खेड्यात खडी गंमतीचा, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाचा, शाहीर, मुलगा नागपुरात नोकरीला. बाप साडी नेसलेल्या पुरुषांसोबत रात्र-रात्र गावोगाव हिंडतो, हे मुलाने कॉलेजात कधी कुणाला सांगितलं नाही. बाप गेल्यावर घर विकायला म्हणून तो गावी जातो आणि माळ्यावर त्याला बापाचं बाड सापडतं, हाताने लिहिलेल्या कवनांची जाड वही. उरलेला चित्रपट त्या बाडातल्या एका लावणीभोवती फिरतो.

असे बाप-लेक मराठी पडद्याला नवे नाहीत. नवी होती ती खडी गंमत. मराठी चित्रपटात तमाशा म्हटला की नऊवारी, घुंगरू आणि फडावरची बाई हे ठरलेलं. आमच्या पूर्व विदर्भातला तमाशा निराळा. उभ्याने होतो म्हणून खडी. कुही, मौदा, भिवापूर, नदीपलीकडे भंडारा-गोंदिया हा त्याचा मुलूख. जुन्या पार्ट्यांत बाई नसे. बाईचं काम नाच्या करी. पुढे शाहीर, मागे धृपद उचलून धरणारे झिलकरी, सोबत ढोलकी, डफ, तुणतुणं, टाळ. गण होतो, गवळण होते, मग लावण्या. आणि दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहिल्या की कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब. कलगीवाले शक्तीला मोठं मानतात, तुरेवाले शिवाला. रात्री दोन वाजता घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाला मात्र त्या तत्त्वज्ञानाहून कोण कोणाला अडवतो यातच जास्त रस असतो.

या कवनांची एक शिस्त आहे आणि सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. शेवटच्या कडव्यात शाहीर नाव घालतो. आधी गुरूचं, मग गावाचं, मग आपलं. अभंगात जशी नाममुद्रा येते तशी. खंजिरीवर भजन म्हणणारे तुकडोजी महाराजसुद्धा शेवटच्या ओळीत 'तुकड्यादास' म्हणून सही करून जातात. विदर्भातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पूर्वी ना छापखाना, ना ध्वनिफीत. कवन तोंडोतोंडी फिरणार, दुसऱ्या पार्टीत जाणार. मग ते कुणाचं, हे कवनातच शिवून टाकलं की काम झालं.

चित्रपटातलं कवन आणलं आमच्या सहायक दिग्दर्शकाने. त्याच्या आबाजींचं, म्हणजे आजोबांचं होतं. आबाजी कुही तालुक्यातले नावाजलेले शाहीर, 1981 मध्ये गेले. त्यांचं गाव आता नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं, 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि कुही-भिवापूरकडची कितीतरी गावं बुडीत क्षेत्रात गेली. त्यात हेही गेलं. त्याच नावाचं नवीन गावठाण झालं आहे. चौकोनी प्लॉट, सिमेंटचे रस्ते, आणि कुठूनही नदी दिसत नाही.

अर्धं पान

पटकथेत शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, एक दृश्य होतं, आणि आम्हाला सगळ्यांना भीती होती ती बैलांची. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली, मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली. हे सगळं शर्यतीचं. पडद्यावर जनावर दाखवायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी वेगळी. अर्ज, पशुवैद्यकाचा दाखला, बैलांच्या मालकाची संमती. त्या जोडीची फाइल माझ्या कपाटात दोन इंच जाड आहे.

लावणीची फाइल अर्ध्या पानाची होती. सहायक दिग्दर्शकाचे वडील, म्हणजे शाहिरांचे धाकटे चिरंजीव, नागपुरातल्या नंदनवन भागात राहतात. त्यांच्याकडून मी एक 'ना हरकत' लिहून घेतलं, शेला-श्रीफळ दिलं, 11,000 रुपयांचा धनादेश दिला. श्रेयनामावलीच्या कच्च्या यादीत लिहिलं : 'गीत-संगीत : पारंपरिक'. ही माझी पहिली चूक. त्या वेळी ती चूक वाटली नाही, उलट आदर वाटला. 'पारंपरिक' लिहिलं की कसं मातीतलं, जुनं, सगळ्यांचं वाटतं.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगतो. झिलकरी आणि वादक गावाकडचे, मुख्य गायक मुंबईचा, स्टुडिओ नागपुरातलाच. डफ विस्तवावर शेकल्याशिवाय बोलत नाही. पावसाळ्याचे दिवस, वरून एसी, कातडं पार सैल. स्टुडिओत विस्तव कोण पेटवू देणार? मग खाली चहाच्या ठेल्यावरच्या शेगडीवर डफ शेकायचा, पोराने धावत वर आणायचा, एक-दोन कडवी घ्यायची, परत खाली. शिवाय रेकॉर्डिस्टला लय एकसारखी हवी, म्हणून कानात क्लिक. त्या टिकटिकीवर झिलकऱ्यांना गाताच येईना. यांची लय पहिल्या कडव्याला चालते, तिसऱ्याला धावते, आणि शेवटच्या कडव्यात नाव येईस्तोवर चौखूर उधळलेली असते. संगीतकाराने शेवटी क्लिक बंद करून टाकला, हा त्याचा शहाणपणा.

एवढं करून संकलनात गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांवर आलं. शेवटचं कडवं कापलं गेलं. संकलक पुण्याचा. त्याचं म्हणणं, ही नावं प्रेक्षकाला माहीत नाहीत, भावनेचा जोर तिसऱ्या कडव्याला लागतोच. दिग्दर्शकाला वेगळी अडचण होती आणि ती खरी होती. चित्रपटात ही लावणी मुलाच्या बापाने रचलेली आहे. बाप काल्पनिक, त्याचं नाव काल्पनिक. शेवटच्या कडव्यात भलत्याच माणसाचं नाव आलं तर प्रेक्षक विचारणार, हा कोण?

बोट हवेत राहिलं

चित्रपट सेन्सॉरकडे पाठवण्याआधी कुटुंबाला दाखवायचा, असा आग्रह सहायक दिग्दर्शकानेच धरला. धरमपेठेतल्या एका संकलन-स्टुडिओत वीसेक खुर्च्या मांडल्या. शाहिरांचे थोरले चिरंजीव, सगळे त्यांना मोठे बाबा म्हणतात, गावठाणातून सकाळच्या एसटीने आले होते. धोतर, पांढरा सदरा, मांडीवर घडी केलेला दुपट्टा. बाड त्यांच्याकडे असतं.

मी त्यांच्या शेजारी होतो म्हणून पाहिलं. लावणी सुरू झाली तशी त्यांची तर्जनी गुडघ्यावर पडू लागली. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्याला लय चढली तसं सगळं अंग थोडं पुढे आलं. तिसरं संपलं. पुढच्या उठावासाठी त्यांनी बोट वर घेतलं, आणि पडद्यावर व्हायोलिनं सुरू झाली. बोट तसंच वर राहिलं. दोन-तीन सेकंद असतील. मग त्यांनी ते दुपट्ट्याखाली घेतलं आणि चित्रपट संपेपर्यंत हात बाहेर काढला नाही.

दिवे लागल्यावर सगळे छान-छान म्हणत होते. मोठ्या बाबांनी दिग्दर्शकाला विचारलं, "शेवटचं कडवं कुठी गेलं जी?"

"बाबा, लांबी वाढत होती."

"बरं. मंग हे कोनाचं हाय म्हनून समजन लोकं?"

दिग्दर्शकाने सांगितलं की शेवटी नामावलीत उल्लेख येईल. मोठ्या बाबांनी नामावली पाहिली होती. "तिथं त् पारंपरिक लिवलं हाय," ते म्हणाले. "माह्या बापाचं नाव पारंपरिक नोयतं."

त्यानंतर चहा झाला, नाश्त्याला तर्री-पोहे होते, मोठ्या बाबांनी खाल्ले नाहीत. संध्याकाळी सहायक दिग्दर्शकाने मला फोन केला. "दादा, मोठे बाबा म्हणतात गाणं काढून टाका." गाणं काढलं तर चित्रपटच उरत नव्हता.

वकिलाकडे

निर्मात्यांचा पहिला अंदाज असा की पैसे हवे आहेत. आमच्या धंद्यात हा अंदाज बहुतेकदा बरोबर निघतो, म्हणून डोळे मिटून बांधला जातो. रक्कम वाढवून निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. तेव्हा मी अर्धं पान घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिलांकडे गेलो, आणि एका तासात मला कळलं की त्या कागदाची किंमत कागदाएवढीच आहे.

कॉपीराइट कायदा 1957 चा. कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं चालतो; ती वर्षं मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजायची. शाहीर 1981 मध्ये गेले, म्हणजे 2041 च्या डिसेंबरअखेरपर्यंत हे शब्द कुणाच्यातरी मालकीचे. लोककलेच्या बाजातलं म्हणून बेवारस होत नाहीत. मालक कोण? वारस. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस आहे. वकिलांनी विचारलं, "भाऊ किती, बहिणी किती?" मी म्हटलं, भाऊ दोन. बहीण आहे का, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. होती. पवनीकडे दिलेली, पंचाहत्तरी ओलांडलेली. तिघांपैकी एकाची सही आमच्याकडे होती, आणि एका हिस्सेदाराच्या सहीने बाकीच्यांचा हक्क मिळत नाही.

आणखी होतं. हक्क देण्याच्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आमच्या अर्ध्या पानात दोन्ही नव्हतं. पुढेमागे ओटीटीवर जगभर दाखवायचा चित्रपट, आणि त्यातलं मुख्य गाणं पाच वर्षांपुरतं, भारतापुरतं.

कडव्याचं काय, असं मी विचारलं तेव्हा वकील थोडे सावरून बसले. कलम 57. हक्क विकला तरी कवीचे दोन अधिकार मागे राहतात : ही कृती माझी असं म्हणण्याचा, आणि तिची मोडतोड होऊन लौकिकाला बाधा येत असेल तर ती रोखण्याचा. हे अधिकार वारसांनाही बजावता येतात. शेवटचं कडवं कापणं म्हणजे मोडतोड का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, ते म्हणाले, पण कापलेला तुकडा नेमका सहीचा आहे आणि वर तुम्ही 'पारंपरिक' लिहिलं आहे. "तुमच्या जागी मी कोर्टापेक्षा गावठाणात आधी जाईन."

आत्याची चाल

गेलो. दिग्दर्शक, संगीतकार, सहायक दिग्दर्शक आणि मी. मोठ्या बाबांनी बाड काढलं. लाल फडक्यात बांधलेलं, कडा उंदराने कुरतडलेल्या, शाई तपकिरी. प्रत्येक कवनाखाली आडवी रेघ आणि तिच्यावर नाव. मी पानाचा फोटो काढला.

दिग्दर्शकाने तिथे एक तोडगा मांडला, जो मुंबईत कुणालाही पटला असता : शेवटचं कडवं ठेवू, फक्त नाव बदलून चित्रपटातल्या बापाचं घालू, शाहिरांचं नाव नामावलीत मोठ्या अक्षरात देऊ. मोठे बाबा चिडले नाहीत. त्यांनी उलट विचारलं, "दुसऱ्याच्या लेकराले आपलं नाव देता का जी तुमी?"

मला तेव्हा उलगडलं की आम्ही इतके दिवस मोडतोड आणि दुरुस्ती यांतला फरक आपल्या बाजूने मोजत होतो. कडवं गाळणं वाईट, पण नाव बदलून ठेवणं त्यांच्या जगात सरळ चोरी. दुय्यम सामन्यात, म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर असताना, एखाद्या शाहिराने दुसऱ्याचं कवन आपल्या नावावर म्हटलं आणि समोरच्याने ते ओळखलं, तर त्याची अब्रू भर मंडपात जाते. नावासकट म्हटलं तर कुणी हरकत घेत नाही. त्यात गुरूचा मान आहे, कवनाची वाहवाही आहे.

मग आत्याबाईंकडे, म्हणजे पवनीकडच्या त्या बहिणीकडे. त्यांची सही हवी होती एवढाच माझा हेतू. अंगणात बाज टाकून बसल्या होत्या. संगीतकाराने मोबाइलवर आमचं गाणं ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शब्द बाबाचेच हायेत. चाल बाबाची नाई."

इथे प्रकरणाने अशी कलाटणी घेतली की माझी झोप उडाली. संगीतकाराला पहिल्यापासून दुसऱ्या ओळीची उडी कुठेतरी ऐकल्यासारखी वाटत होती. आत्याबाईंनी खुलासा केला. समोरची पार्टी सिनेमाच्या चाली आणू लागली, लोक तिकडे धावू लागले, तेव्हा बाबांनीही या लावणीला सिनेमाची चाल लावली. पोरं छोट्या गाडीने कुहीहून इतवारीला यायची, नागपुरात सिनेमा बघायची आणि चाल डोक्यात घेऊन परत जायची. ती नागभीडची छोटी रेल्वे 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. आम्ही ज्या चालीला मातीतली म्हणून डोक्यावर घेतलं होतं ती त्याच गाडीने आली होती. खडी गंमतीत हे नवल नाही. शाहिरांना सिनेमाचं कधी वावडं नव्हतं. शुद्ध परंपरेचं वेड आपलं, शहरातल्यांचं.

पण चाल सिनेमाची असेल तर तिचा हक्क कुठल्यातरी कंपनीकडे, आणि त्या कंपनीला 11,000 रुपये आणि शेला-श्रीफळ पुरणार नव्हतं.

"मंग पयले कोनती होती?" संगीतकाराने त्यांच्याच बोलीत विचारलं. आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि गाऊ लागल्या. बायकांनी फडावर जायचं नाही, पण माजघरात बसून ऐकायला कोण अडवणार? बाबा रात्री मुलांना झील शिकवायचे, तिथे ही पाठ झालेली. चाल संथ, खालच्या पट्टीतली, आणि तिसऱ्या कडव्याला धावत नाही. ती सगळी चढण शेवटच्या कडव्यासाठी राखून ठेवते. ही चाल बाबांना त्यांच्या गुरूकडून, गुरूला त्यांच्या गुरूकडून. कर्ता कोण, कुणाला ठाऊक नाही. इथे 'पारंपरिक' हा शब्द बसत होता.

रचलं की राखलं

कागदाचा गुंता सुटायला आला, पण दिग्दर्शकाची मूळ अडचण जागच्या जागी होती. काल्पनिक बाप, खरं नाव. गावठाणातून परत येताना उमरेड रोडवर गाडीत सगळे गप्प होते. तेव्हा सहायक दिग्दर्शक म्हणाला, बापाने हे रचलंच नसेल तर? तो आबाजींचा चेला असेल तर? चेला गुरूचं कवन गुरूच्या नावासकटच म्हणणार.

पटकथालेखकाला हे मुळीच आवडलं नाही, आणि त्याचं चुकत नव्हतं. मुलाला कळतं की आपला बाप कवी होता, हा त्याचा कळसाध्याय. आता मुलाला काय कळणार? की बाप कवी नव्हता, दुसऱ्याचं गाणं तीस-चाळीस वर्षं घेऊन फिरणारा माणूस होता? यात टाळ्या कुठे? मीही आधी लेखकाच्या बाजूचा होतो. पण मला आत्याबाई आठवत राहिल्या, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. त्यांनी काही रचलं नव्हतं.

शेवटी वाद मिटवला तो एका शॉटने. आजारी बाप मुलाला बाडाबद्दल सांगतो तो क्लोज-अप. नटाचं वाक्य होतं, "हे म्या रचलं." पुन्हा चित्रीकरण परवडत नव्हतं, त्यामुळे डबिंगमध्ये ओठांवर बसेल असाच शब्द हवा. 'जपलं' करून पाहिलं. 'प'ला ओठ मिटतात आणि पडद्यावर ते उघडे, लगेच कळतं. 'म्हटलं'चंही तेच. 'लिवलं'ने अर्थ सुटत नव्हता. मग नट स्वतःच माइकसमोर म्हणाला, "हे म्या राखलं." ओठ तंतोतंत बसले. लेखक काचेमागे होता. त्याने दुसरा टेक मागितला नाही.

बाकी बदल किरकोळ होते. बाडाच्या पानाचा शॉट आमच्या ऑफिसच्याच टेबलावर संध्याकाळी पुन्हा घेतला. पानाच्या वर आता गुरूचं नाव आणि 'उतरवून घेतलं' असा शेरा. लावणीचं दृश्य रात्रीचं, गॅसबत्तीच्या उजेडातलं, ओठ स्पष्ट दिसतील असे तीनच शॉट होते. संकलकाने तिथे पाठमोरे टेक वापरले. गाणं वाढून चार मिनिटं वीस सेकंदांचं झालं. जादा सत्तर सेकंद त्याने कुठून काढले? ड्रोनमधून. हिरवी शेतं, वळणारी नदी, वरून दिसणारी कौलं. ग्रामीण चित्रपटात ड्रोन हा आता मीठ-मिरचीसारखा पडतो. सत्तर सेकंद कमी झाले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

करार नव्याने झाला. तिन्ही वारस, समान हिस्सा, मुदत आणि प्रदेश स्पष्ट. चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो वापर होईल त्यातला मानधनाचा वाटा 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला सोडूनही देता येत नाही, तो वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याचकडे जाऊ शकतो. तसं कलम घातलं. गीतकार-संगीतकारांसाठी 1969 पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेत वारस म्हणून नोंदणीचे अर्जही भरून दिले. शेवटच्या दृश्यावर आत्याबाईंचा मोबाइलवर घेतलेला आवाज काही सेकंद वापरायचं ठरलं, त्यासाठी त्यांच्याशी वेगळा करार केला, कारण गाणाऱ्याचा हक्क कवीच्या हक्काहून निराळा असतो. "मले कायचे पैसे?" असं म्हणत त्यांनी सही केली, तीही पूर्ण नावाची, माहेरच्या आडनावासकट. ते खोडून पुन्हा करायला सांगावं असं मला वाटलं नाही. वकिलांनी खाली एक ओळ वाढवली.

नामावली : कवन, शाहिरांचं नाव. चाल, पारंपरिक.

जवर

दुसरी चूक शेवटच्या दिवशी निघाली. लावणी नव्या, म्हणजे जुन्या चालीत पुन्हा रेकॉर्ड करत होतो. मुंबईचा गायक या वेळी नागपुरात आला होता. मोठे बाबा काचेपलीकडे, रेकॉर्डिस्टच्या मागे खुर्चीवर. खाली तीच शेगडी.

शेवटचं कडवं आलं. गायक दोनदा थांबला. "यमक जुळत नाहीये," तो म्हणाला. मी माझा टाइप केलेला कागद पाहिला. एक ओळ 'जवळ'वर संपते, तिच्याखालची 'शाहीर'वर. खरंच जुळत नव्हतं. मोबाइलवर बाडाच्या पानाचा फोटो काढला, मोठा करून पाहिला. बाडात होतं 'जवर' आणि 'शायर'. गाव नदीच्या जवर, आणि तिथला हा शायर. वैनगंगेच्या काठी 'ळ'चा 'र' होतो, डोळ्याचा डोरा होतो. शाहिरांनी बोलीत बांधलं होतं, आणि मी टाइप करताना शुद्धलेखन सुधारून ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय.

मी टॉकबॅकवर दोन शब्द सांगितले. गायकाने 'जवर' चारदा तोंडात घोळवला. पहिल्या टेकला 'ळ' अर्धा उरलाच. मोठे बाबा पुढे वाकून माइकमध्ये म्हणाले, "जीभ नोको वळवू, बाबू. सीधा म्हन." दुसऱ्या टेकला 'जवर' नीट आला, 'शायर' त्यावर बसला, पण तोवर डफ गार पडला होता आणि ठोका मऊ येत होता. पोरगा डफ काखेत मारून जिना उतरून शेगडीकडे गेला, आणि आम्ही सगळे तो यायची वाट पाहत बसलो.